पाळण्याजवळचं नाव

नाम घ्यावे, नाम गावे, नामात रंगून जावे, हे मला वीणा पेलण्याइतके बळ अंगात येण्याआधीच शिकवले गेले. पुढे हरिकथेला उभा राहिलो, आणि दुर्गच्या लाइनीवरच्या रेल्वे वसाहतींतून त्याच नामाचा महिमा सांगत फिरलो. आपल्या मुखी कोणाचे नाम असावे, हे सांगणे सोपे असते. आपले स्वतःचे नाम कोठे ठेवावे आणि कोठून उचलून घ्यावे, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते. ते मी शिकलो समोरच्या दारी राहणाऱ्या एका प्राध्यापिकेकडे पाहून. म्हणून आजची कथा तिची.

दीक्षाताई रामटेके. भिलाईच्या एका महाविद्यालयात हिंदी साहित्य शिकवतात. तिथल्याच जुनवानी भागात आमची दारे समोरासमोर. माझ्या घरी पहाटे काकडआरती, त्यांच्या घरी सकाळी बुद्धवंदना. मधल्या गल्लीत दोन्ही सूर एकमेकांना वाट देत पुढे जातात. ताई उंचीने बेताच्या, आवाजाने ठाम. चालण्यात घाई नाही, बोलण्यात टाळाटाळ नाही. गल्लीतली पोरे त्यांना पाहून खेळ थांबवत नाहीत, शिव्या मात्र थांबवतात.

त्यांचे वडील धोंडबा भंडाऱ्याकडून आले, पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर लागले, आणि कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये त्यांनी लेकीला एकट्याने वाढवले. दीक्षाताईंची आई त्या रांगत असतानाच गेली होती. घरात दुसरे बाईमाणूस नाही. त्यामुळे पाळण्याची, जात्याची, डोहाळ्यांची गाणी त्या घराचा उंबरठा ओलांडून आत आलीच नाहीत. हे सज्जनांनी ध्यानात ठेवावे. पुढे कथेला याची गरज पडणार आहे.

एम.ए. करताना ताईंनी कामगारांनी वसाहतीत रचलेल्या आणि गणपतीत सादर केलेल्या हिंदी एकांकिकांवर एक निबंध लिहिला. मार्गदर्शकांना तो फार आवडला. इतका आवडला की त्यांनी तो एका पत्रिकेत आपल्या एकट्याच्या नावाने छापून आणला. त्या मार्गदर्शकांचे नाव ताईंनी मला कधी सांगितले नाही, मीही कधी विचारले नाही. लेकीने घरी आधीच सांगून ठेवले होते, की माझे लिखाण छापून येत आहे. अंक आला तेव्हा धोंडबा नुकतेच ड्यूटीवरून परतले होते. त्यांनी हात घासून घासून धुतले, कोरडे केले, अंक घेतला, निबंधाचे शेवटचे पान उघडले आणि ओळीओळीवरून बोट फिरवत पहिल्या पानापर्यंत आले. मग लेकीकडे न पाहता एवढेच म्हणाले,

"बाई, तुहं नाव निसटलं वाटते."

ताईंनी ते निसटलेले नाव परत मागितले नाही. त्यांनी एक नेम धरला. आपल्या हाताखाली जो लिहील, त्याचे नाव निसटणार नाही. मी कित्येकांना एकादशीचा नेम धरताना पाहिले आहे आणि द्वादशीची वाट पाहतानाही पाहिले आहे. या बाईंच्या नेमाला पारणे नव्हते.

आता हा नेम चालत असे तो कसा, ते सांगतो. बी.ए.ची मुले साधारणपणे गाइड पाठ करतात, परीक्षा देतात, आणि साहित्य हे दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या कुठेतरी लिहून ठेवलेले असते असे समजून घरी जातात. संशोधन करावे ते मोठ्या पदवीच्या लोकांनी. आपण वाचावे, तेही परीक्षेपुरते. ताईंना हे मुळीच मान्य नव्हते. त्या मुलांना म्हणत, तुमच्या घरात जे कानावर पडते ते अजून कोणी तपासलेले नाही, तपासायला तुमच्याइतके जवळ दुसरे कोणी नाही, तेव्हा लिहा. दर शनिवारी दुपारी ग्रंथालयामागच्या खोलीत त्या मुलांना घेऊन बसत. ज्याचा लेख असेल त्याने उभे राहून तो मोठ्याने वाचायचा. इतरांनी मध्ये थांबवायचे असेल तर एकाच शब्दाने थांबवायचे: "कशावरून?"

अहाहा, काय शब्द आहे. कीर्तनात कथा कितीही दूर गेली तरी ध्रुपद तिला हाताला धरून घरी आणते, तसा हा शब्द त्या खोलीत पुन्हा पुन्हा घुमे. कवीचे दुःख खरे आहे, कशावरून? ही कथा स्त्रीच्या बाजूची आहे, कशावरून? मुले आधी चिडत, मग अडखळत, मग पुस्तक उघडत, आणि शेवटी ताठ उभी राहून उत्तर देत. अशी ताठ उभी राहिलेली मुले मी त्या खोलीच्या दारातून पाहिली आहेत. मंदिरातल्या गरुडखांबापुढे उभे राहावे तसा मी तिथे उभा राहिलो आहे.

दुसरा नियम घरफेरीचा. लेख पत्रिकेकडे धाडण्याआधी तो ज्यांच्याविषयी आहे त्यांना घरी जाऊन, त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा. या नियमाची गंमत प्रितम साहूला विचारावी. त्याने आपल्या मावशीकडून ऐकलेल्या छत्तीसगढी कोड्यांवर लेख लिहिला होता. घरफेरीत मावशीने निम्म्या कोड्यांची उत्तरे चुकीची ठरवली आणि वर म्हणाली, की या पोराला मी कोडी नीट सांगितलीच नव्हती, तो फारच भाव खाऊन विचारत होता. प्रितमने लेख नव्याने लिहिला, पत्रिकेने छापला, आणि मावशी आजही सांगते की पहिल्या वेळी तिने मुद्दामच फसवले होते.

लेख छापून आला की त्यावर नाव फक्त मुलाचे. मार्गदर्शकाचे नाव जोडण्याची रीत सगळीकडे आहे, बढतीला ते उपयोगी पडते. ताईंचे सहकारी रूपेश सर यावरून त्यांची थट्टा करत.

"मॅडम, तुम्ही दुसऱ्यांच्या बारशाला झबली शिवून देता. बढतीच्या वेळी बाळ दाखवा म्हटलं, तर काय दाखवाल?"

ताई शांतपणे म्हणत, "लेख लिहिला त्याचा. मी फक्त 'कशावरून' विचारलं. तेवढ्यानं मी लेखक होत असेन, तर परीक्षेच्या हॉलमधले पर्यवेक्षकसुद्धा लेखकच."

अशा या शनिवारच्या मंडळीत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची खुशबू गजभिये आली. सेक्टर दोनची मुलगी. वडील राजदीप प्लांटमध्ये, आजी गिरजाबाई घरात. घरी नागपुरी मराठी, बाहेर हिंदी, आणि घाई झाली की दोन्ही एकाच वाक्यात. गिरजाबाई म्हणजे वसाहतीतल्या बौद्ध घरांमधल्या बारशांचा हुकमी आवाज. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झाले, नाव ठेवले, की पाळण्याची दोरी हातात घेऊन ती गाई. तिची पाळणागीते खुशबूने मोबाइलवर भरून घेतली, उतरवली, हिंदीत अर्थ लिहिला, आणि त्यांवर लेख बांधला. त्यातले एक गीत असे:

निज रे लेकरा, भोंगा वाजला दुरून,
बाप येईन सकाळी लोखंड जागवून ।
गिरजा म्हणे बाळा, तुहं नाव दूर जावो,
माहा शब्द तुह्या कानी उशाशी राहो ॥

बाप लोखंड जागवून घरी येतो. मी ही ओळ पहिल्यांदा ऐकली तेव्हा टाळ हातात असता तर वाजवला असता. खुशबूच्या लेखाचे प्रतिपादन सरळ होते: सेक्टर दोनच्या एका क्वार्टरमध्ये एक कवयित्री राहते, आणि साहित्याला तिचा पत्ता नाही. त्या शनिवारी प्रितमने नेमाप्रमाणे विचारले, "कशावरून?" खुशबूने उत्तर दिले, की प्रत्येक गीताच्या शेवटच्या चरणात 'गिरजा म्हणे' असे आहे, आणि शेवटच्या चरणातले नाव ही कर्त्याची मोहर असते. हे तिने शाळेच्या पुस्तकात वाचले होते, आजोळी रेल्वेच्या चाळीत कीर्तनांत ऐकले होते. कोणी शंका घ्यावी असे त्यात काही नव्हते. ताईंनीही मान हलवली. ज्या घरात पाळण्याचे गाणे कधी शिरलेच नाही, त्या घरातल्या लेकीला तरी शंका कोठून येणार?

राहिली घरफेरी. तिथे खुशबू अडून बसली.

"मॅम, आजीले आत्ताच नका सांगू नं. छपके आने के बाद मी अंक सीधा तिच्या मांडीवर ठेवणार. आधी वाचून दाखवलं तं मजा काय राहिली?"

ताईंच्या डोळ्यांपुढे दुसरा एक अंक आला असावा, आणि त्यावरून फिरणारे, नाव न सापडलेले एक बोट. आजवर कोणासाठी न मोडलेला नियम त्यांनी त्या दिवशी बाजूला ठेवला. प्रेमाने मोडला, पण मोडला.

लेख नागपूरकडच्या एका हिंदी त्रैमासिकाकडे गेला. काही महिन्यांनी संपादकांचे उत्तर आले: स्वीकारला आहे, पुढच्या अंकात घेतो. आता मजा पोटात ठेवण्याची ताकद खुशबूत कुठली? तिने बापाला सांगितले, बापाने कॅन्टीनमध्ये सांगितले, कॅन्टीनमधून बातमी घराघरांत गेली. गिरजाबाईला एवढेच कळले, की आपली गाणी पुस्तकात येणार. त्यात चूक काय होती? गाणी तर तीच गात होती. बायांनी तिला 'कवयित्रीबाई' म्हणायला सुरुवात केली, आणि म्हातारीला ते मनापासून आवडले. नळावर घागर घेऊन आली की दुरूनच म्हणे, "सरका वं, कवयित्री येऊन राहिली." सुनेने केलेल्या चहात साखर कमी असली, तर कवयित्रीला असा चहा देतात का, हेही विचारू लागली.

अशा कौतुकाच्या दिवसांत खुशबू दुर्गकडच्या बोरसीला गेली. वर्गातली तिची मैत्रीण दामिनी. तिच्या बहिणीच्या मुलाचे बारसे. हे नागपूरकडचे जुने रेल्वे कुटुंब, आजोबा शामराव गार्ड होते. पाळण्याला बाळकृष्णाचे चित्र, कोपऱ्यात घुगऱ्यांचे पातेले. दामिनीच्या आजीने, राधाबाईने, दोरी हातात घेतली आणि गाऊ लागली:

निज रे लेकरा, शिट्टी वाजली दुरून,
बाप येईन सकाळी गाडी पोचवून ।

खुशबूच्या हातातला द्रोण हातातच राहिला. चाल तीच, शब्द तेच. भोंग्याच्या जागी शिट्टी, लोखंडाच्या जागी गाडी. आणि शेवटच्या चरणात सूर वर चढला: राधा म्हणे बाळा, तुहं नाव दूर जावो.

गाणे संपले, बाया हसत पांगल्या. खुशबूला राहवले नाही. पाळण्याशीच जाऊन ती म्हणाली, की हे गाणे तिच्या आजीचे आहे, सेक्टर दोनच्या गिरजाबाईचे, आणि त्यात दुसऱ्याचे नाव घालणे बरे नाही. राधाबाईने तिला खालपासून वरपर्यंत पाहिले.

"काय वं पोट्टे, माह्या घरच्या घुगऱ्या खाऊन मलेच चोर म्हणून राहिली? मी हे माह्या सासूपासून शिकली. थे शांता म्हणे, म्हणत होती. तुही गिरजा तवा कुठं होती?"

दामिनीने मध्ये पडून मैत्रिणीला बाहेर नेले. दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी मी ओट्यावर वीणेला तार चढवत होतो, तेव्हा खुशबू समोरच्या दारी आली. रडून आलेले डोळे लपत नाहीत. थोड्या वेळाने ताईंनी दारातून मला हाक मारली.

"बुवा, शेवटच्या चरणातलं नाव कोणाचं असतं?"

"कर्त्याचं."

"नेहमीच?"

मी वीणा खाली ठेवली. "आमच्याकडे तरी."

ताईंनी मान हलवली आणि मला आत बसायला सांगितले. खुशबू खालमानेने बोलत होती. लेख स्वीकारला गेला आहे. अंक महिन्याभरात येईल. महाविद्यालयाच्या वार्षिक समारंभात लेख छापून आलेल्या मुलांची नावे पुकारली जातात. राजदीपने त्या दिवसाची सुट्टीही टाकली आहे. अखेर ती म्हणाली,

"मॅम, राधाबाई कुठं हिंदी मॅगझिन वाचून राहिली? किसीको क्या पता चलेगा?"

"राधाबाई वाचणार नाहीत," ताई म्हणाल्या. "म्हणूनच लेख बदलायचा. माझं नाव निसटलं तेव्हाही माझ्या वडिलांशिवाय कोणी वाचलं नव्हतं."

मग पोरीच्या तोंडून खरी गोष्ट बाहेर आली. तिला समारंभाचे दुःख नव्हते.

"आजीले काय सांगू? पूरं सेक्टर तिले कवयित्री म्हणते. मी दिलं, आन् मीच काढून घेऊ?"

सज्जनहो, इथे कथेचा सारा भार एका जागी आला. छापले तर राधाबाईचे आणि शांताबाईचे नाव निसटते. परत घेतले तर म्हातारीच्या डोक्यावरचा मुकुट नातीच्याच हाताने उतरतो. ताईंनी उपदेश केला नाही. घरफेरी टाळू दिली ती मी, ही चूक माझी आहे, असे त्या म्हणाल्या, आणि चपला घालू लागल्या.

"चल. ती फेरी आज करू. मी येते."

त्या घरी काय घडले ते मला दोघींनीही वेगवेगळे सांगितले, आणि दोघींचे शब्द जुळले. गिरजाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. खुशबूने लेख वाचायला सुरुवात केली. हिंदी वाक्य वाचावे, मग आपल्या बोलीत सांगावे. म्हातारी शेंगा सोलत, मान डोलवत ऐकत होती. 'या गीतांची रचना गिरजाबाईंनी केली आहे' हे वाक्य आले तसे तिचे हात थांबले.

"कोनं केली?"

"तू, आजी."

"म्या?" गिरजाबाई इतकी हसली की मांडीवरचे सूप कलंडले. "म्या कवा म्हटलं मी रचलं म्हणून? म्या तं गायलं."

"मंग शेवटी गिरजा म्हणे, ते कावून?"

म्हातारीने नातीकडे असे पाहिले, की एवढे शिकून ही पोर अशी कशी राहिली.

"अवं, पाळण्यापाशी उभं राहून दुसरीचं नाव कावून घेऊ? आशीर्वाद मी देऊन राहिली नं? लेकरू मोठं होऊन विचारन, मले कोनं म्हटलं होतं, तं त्याले समजलं पायजे. जे गाईन तिनं आपलं नाव टाकायचं. नाव शेवटीच राह्यते."

मग सगळे हळूहळू उलगडले. लग्न होऊन आली तेव्हा गिरजाबाई दुर्गला स्टेशनामागे राहत होती. तिथे रेल्वेतल्या बाया होत्या, त्यांत राधाबाईची सासू शांताबाई. जात वेगळी, देव वेगळे, पण बारशाला सगळ्या एकाच पाळण्याभोवती. तिथे शिट्टी ऐकू येई म्हणून गाण्यात शिट्टी होती. नवऱ्याला प्लांटमध्ये काम लागले, घर सेक्टर दोनला आले, इथे भोंगा वाजू लागला, म्हणून गिरजाबाईने भोंगा घातला. लोखंड जागवणेही तिचेच. शांताबाईने तरी ते गाणे कोणाकडून घेतले, कोण जाणे.

ताई ऐकत होत्या. नाव शेवटीच राहते, हे त्यांनी मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिले. भंडाऱ्याकडे अशीच गाणी ऐकत वाढलेल्या धोंडबांनी अंक शेवटच्या पानापासून का उघडला होता, हे इतक्या वर्षांनी त्या अंगणात त्यांना कळले.

म्हातारी पुन्हा शेंगांकडे वळली. दोन दाणे काढले, आणि मान वर न करता हलकेच विचारले,

"मंग आता पुस्तकात माहं नाव नाही येत?"

खुशबूने ताईंकडे पाहिले. ताई आयुष्यभर वर्गात नेटके बोलल्या. त्या वेळी त्यांच्या तोंडी सेक्टर दोनची लहानपणची भाषा आली.

"येते नं माय. पण एकलं नाही येणार. राधाबाईचं येईन, शांताबाईचं येईन. भोंगा तुमचा हाय, थो तुमच्याच नावानं येईन."

गिरजाबाईने विचार केला. सूप सरळ केले. "मंग शांताचं पयले टाकजा. थे पयले म्हणत होती."

बस, झाला निर्णय. जो मुकुट उतरवायला नात कचरत होती, तो म्हातारीने स्वतःच काढून बाजूच्या बाईच्या डोक्यावर ठेवला, आणि शेंगा सोलू लागली.

सोमवारी खुशबूने संपादकांना स्वतः लिहिले, की लेखातला मुख्य दावा चुकीचा आहे, कृपया छापू नये. रूपेश सरांचा सल्ला वेगळा होता. एक तळटीप टाकून मोकळे व्हा, एवढा सोवळेपणा बी.ए.च्या मुलीला कशाला, असे त्यांचे म्हणणे. ताई म्हणाल्या, की पहिल्याच लेखात ज्याने खोटे पचवले त्याला पुढे सगळेच पचते. संपादकांचे उत्तर सभ्य होते, पण लाड करणारे नव्हते: लेख काढला आहे, नवा लिहिलात तर नव्याने परीक्षकांकडे जाईल, कधी छापेल ते सांगता येत नाही. वार्षिक समारंभात खुशबूचे नाव पुकारले गेले नाही. राजदीपने सुट्टी रद्द केली आणि कॅन्टीनमध्ये कोणी विचारलेच तर सांगितले, पोरगी पुन्हा लिहून राहिली, पहिल्यापेक्षा मोठं.

मोठे होतेच ते. खुशबू पहिल्यांदा बोरसीला गेली ती माफी मागायला. राधाबाईने दार उघडले आणि आत वळून नातीला सांगितले, "दामिनी, चहा ठेव वं. गिरजीची नात आली. चोरनीच्या घरचा चहा चालन नं हिले?" चहा चालला. एकदा नव्हे, पुष्कळदा चालला. राधाबाईने स्वतःची गाणी दिली, आणखी घरे दाखवली, आणि कोणत्या घरी खोटे सांगतात तेही सांगितले. एका घरी मुलगा ट्रक चालवत होता. तिथे शिट्टीच्या जागी हॉर्न वाजत होता. जिथे जो आवाज कमावत्याला घरातून नेतो, तोच आवाज त्या घरच्या पाळण्यात शिरतो, आणि जी गाते तिचे नाव शेवटी बसते. लेखाचे प्रतिपादन आता हे झाले. दर शनिवारी खुशबू उभी राहत होती, आणि दर शनिवारी पोरे तिला 'कशावरून?'चे ध्रुपद ऐकवत होती. पुढे नवा लेख धाडला, त्यावर परीक्षकांचा शेरा आला. त्यांनी विचारले होते: शेवटच्या चरणातले नाव कर्त्याचे नसून गाणाऱ्या व्यक्तीचे आहे, हे कशावरून? ती चिठ्ठी वाचून प्रितम बाकावर डोके ठेवून हसला. उत्तर मात्र खुशबूजवळ होते. एकेका घराचे, एकेका आवाजाचे, पुराव्यासहित.

बी.ए.ची पदवी हाती आली तेव्हा लेख छापलेला नव्हता. एम.ए.च्या पहिल्या वर्षात तो आला. संपादकांनी आपणहून सुचवले होते, की एवढे मार्गदर्शन झाले आहे तर प्राध्यापिकेचे नाव जोडावे. ताईंनी कळवले, लेखिका एकच आहे.

त्याच सुमारास राजदीपचा धाकटा भाऊ भूषण याला मुलगी झाली. सेक्टर दोनला बारसे. मला बोलावणे होते, आणि ताईंबरोबर त्यांचे वडील धोंडबाही आले होते. कोक ओव्हनच्या आवाजाने त्यांचे कान पार मंद केले आहेत. मी त्यांच्या शेजारी बसलो. बोरसीहून राधाबाई आली होती. आल्या आल्या गिरजाबाईला म्हणाली, "काय वं कवयित्री, जाड झाली." गिरजाबाई म्हणाली, "तू तं अजून गाडीच पोचवून राहिली." दोघी हसल्या, एकमेकींना बिलगल्या.

खुशबूने अंक आजीच्या मांडीवर ठेवला. म्हातारीने शेवटचे पान उघडले.

"आजी, नाव पुढं हाय. लिहिणाऱ्याचं नाव वरते असते."

"बोलायच्या पयलेच नाव?" गिरजाबाईने अंक उलटा करून पाहिला. "शिकलेल्या लोकायची तऱ्हाच न्यारी." मग आत शांताबाई, राधाबाई आणि आपले नाव कुठे आहे ते नातीकडून बोट ठेवून पाहून घेतले. शांताबाईचे पहिले आहे ना, हे दोनदा विचारले.

वंदना झाली, नाव ठेवले, पाळणा हलू लागला. राधाबाई गायली, गिरजाबाई गायली. मग गिरजाबाईने दोरी ताईंपुढे धरली.

"मास्तरीणबाई, आता तुमी."

ताई मागे सरल्या. त्यांना गाणे येत होते; खुशबूच्या सगळ्या ध्वनिफिती त्यांनी लेख तपासताना कितीदा ऐकल्या होत्या. पण गाणे येणे आणि ते स्वतः गाणे यांत अंतर असते. खाली बसलेल्या पोरी म्हणू लागल्या, मॅम, प्लीज. ताईंनी दोरी घेतली. आवाज सुरुवातीला वर्गातला निघाला, दुसऱ्या ओळीत घरचा झाला. निज रे लेकरा, भोंगा वाजला दुरून. बाप येईन सकाळी लोखंड जागवून. शेवटच्या चरणाशी आल्या, आणि जन्मभर दुसऱ्याचे नाव जपण्याची सवय असलेल्या त्या मुखातून 'गिरजा' हेच नाव निघू लागले.

गिरजाबाईने पाळण्याचा कठडा धरला. पाळणा थांबला.

"माहं मी टाकलं," ती म्हणाली. "लेकरू तुमाले पाहून राहिलं."

ताईंनी खाली पाहिले. खरोखरच बाळ जागे होते. त्यांनी श्वास घेतला आणि स्वच्छ, भरलेल्या आवाजात म्हटले: दीक्षा म्हणे बाळा, तुहं नाव दूर जावो, माहा शब्द तुह्या कानी उशाशी राहो.

कठडा सुटला, पाळणा पुन्हा झुलू लागला. शेजारी बसलेल्या धोंडबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून कान जवळ आणला.

"बुवा, शेवटी कोनाचं नाव घेतलं?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, मोठ्याने, एकेक अक्षर सुटे करून सांगितले. त्यांनी सावकाश मान हलवली, आणि हातातला घुगऱ्यांचा द्रोण माझ्याकडे सरकवला.